बेघरपणाचा खेळ : रूपाने केलेले विधान

कलाकृतीचे रूप म्हणजे आशय ठेवण्याचे रिकामे पात्र नव्हे. आशयाविषयीची एक भूमिका रूपातच अनुस्यूत असते. व्हिडिओ गेमच्या संदर्भात या सूत्राला वेगळीच तीव्रता येते, कारण तेथे रूप म्हणजे प्रत्यक्ष नियमच असतात. इयान बोगोस्ट यांनी ‘पर्स्वेसिव्ह गेम्स’ (२००७) या ग्रंथात नियमांच्या आणि प्रक्रियांच्या द्वारे होणाऱ्या या युक्तिवादाचे विवेचन केले आहे. बेघरांच्या जगण्यावरील खेळ या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

चेक प्रजासत्ताकातील पेरुन क्रिएटिव्ह या संस्थेचा ‘होबो : टफ लाइफ’ हा खेळ २०२१ मध्ये पूर्णत्वाने प्रसिद्ध झाला. प्रस्लाव या कल्पित शहरात खेळणाऱ्याला कचरापेट्या धुंडाळीत, भीक मागत, प्रसंगी चोरी करीत हिवाळा निभवायचा असतो. भूक, ऊब, मनोधैर्य एवढेच नव्हे, तर अंगाची दुर्गंधीही येथे मोजली जाते आणि ती वाढली की माणसे दूर सरतात. येथे खेळाच्या रूपाला एक अस्सल गोष्ट साधलेली आहे. अन्न शोधावे तर ऊब जाते आणि ऊब राखावी तर दिवस जातो. दारिद्र्य माणसाचा वेळ कसा गिळते, हे वाचकाला सांगावे लागते. खेळणाऱ्याच्या मात्र ते हातून घडते.

परंतु याच रूपाची दुसरी बाजू आशयाच्या विरोधात जाते. खेळणारा कौशल्ये मिळवतो, निवारा सुधारतो, शहराच्या खाचाखोचा ओळखू लागतो. श्रमाचे फळ संचित होत जाते. टिकून राहणे हे खेळणाऱ्याच्या हुशारीचे प्रमाणपत्र ठरते. मग जो टिकला नाही, तो कमी हुशार होता असा निष्कर्ष न बोलता निघतो.

ही भीती केवळ तात्त्विक नाही. अमेरिकेतील डरहॅम येथील बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी २०११ मध्ये ‘स्पेंट’ हा खेळ तयार करण्यात आला. हाती उरलेल्या १००० डॉलरांत महिना काढणे, हे त्यातील आव्हान. त्याचा हेतू निःसंशय सहानुभूतीचा होता. मात्र जीना रूसोस आणि जॉन डोविडिओ यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, हा खेळ खेळल्याने गरिबांविषयीची आपुलकी वाढल्याचे आढळले नाही. काही खेळणाऱ्यांच्या बाबतीत परिणाम उलटाच दिसला. निवड आपल्या हाती असल्याचा अनुभव दारिद्र्यही माणसाच्या हातचे आहे ही समजूत बळावतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. म्हणजे संहितेने करुणा मागितली आणि नियमांनी ती नाकारली.

क्नुट हामसुनच्या ‘भूक’ (१८९०) या कादंबरीशी तुलना केली असता हा पेच अधिक स्पष्ट होतो. क्रिस्तियानियाच्या रस्त्यांवर उपाशी भटकणारा तिचा निवेदक आपले जाकीट गहाण टाकतो आणि त्यातील काही पैसे एका भिकाऱ्याला देतो. जगण्याच्या हिशेबात ही शुद्ध चूक आहे. कादंबरीत मात्र त्याच क्षणी त्या माणसाचा स्वाभिमान, अहंकार आणि दुःख एकाच वेळी उघडे पडतात. भुकेला आकडा देता येतो. स्वतःच्या हिताविरुद्ध वागण्याच्या मानवी अधिकाराला आकडा कसा द्यावा, हे या खेळांना उमगलेले नाही.

याचा अर्थ हे माध्यम या विषयाला असमर्थ आहे असा नाही. कादंबरी माणसाचे अंतरंग उलगडते. खेळ व्यवस्थेची यंत्रणा उलगडू शकतो. मात्र त्यासाठी त्याने यशाचे आश्वासन सोडावयास हवे. हरल्यानंतर खेळणारा ‘माझे काय चुकले?’ असे विचारतो, तोवर बेघरपणा हे कोडेच राहते. ‘हे नियम कोणी केले?’ असा प्रश्न त्याला पडेल, तेव्हा त्या रूपाला आपला आशय गवसलेला असेल.