साखळी झालेली यादी आणि जुने पाठ्यपुस्तक

ड्रायव्हर लिहायला शिकणाऱ्याच्या हाती आपण आजही कॉर्बेट, रुबिनी आणि क्रोआ-हार्टमन यांचे ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ देतो. तिसरी आवृत्ती २००५ ची, आधार कर्नेल २.६.१०. पुस्तक मोफत मिळते, भाषा स्वच्छ आहे. कृष्णराजनगरहून ही टिपणे लिहितानाही डीएमएवरचे पंधरावे प्रकरण मी शेजारी ठेवले आहे. तरीही स्टोरेज ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ते जपून वाचावे.

स्कॅटरलिस्ट म्हणजे विखुरलेल्या पानांची यादी. प्रत्येक नोंदीत पान, पानातील सुरुवात आणि लांबी. पुस्तक ही यादी सलग अ‍ॅरे मानते, आणि तेव्हा ते बरोबरच होते. पण ६४-बिट यंत्रावर नोंद साधारणपणे ३२ बाइटची, पान ४०९६ बाइटचे. म्हणजे एका पानात १२८ नोंदी. त्याहून मोठी यादी हवी तर आणखी सलग मेमरी लागते, आणि बराच काळ चालू असलेल्या यंत्रावर ती मिळेलच असे नाही. जेन्स अ‍ॅक्सबो यांच्या कामातून, जानेवारी २००८ च्या २.६.२४ मध्ये, यादीला साखळी आली. तुकड्याची शेवटची नोंद माहिती न ठेवता पुढच्या तुकड्याचा पत्ता ठेवते. ३०० नोंदी मागा, १२७, १२७ आणि ४६ असे तुकडे पडतील.

आता पुस्तकाच्या समजुतीने ‘एसजी प्लस प्लस’ करून पाहा. १२७ नोंदी बिनबोभाट पार पडतात, पुढची नोंद दुवा निघते, आणि त्यापुढे तुम्ही परक्या मेमरीत शिरता. डिस्कवर भलताच मजकूर जातो किंवा कर्नेल कोसळते. प्रयोगशाळेतल्या चार केबीच्या चाचणीत यातले काहीच दिसत नाही, हेच वाईट. पुढची नोंद नेहमी ‘एसजी_नेक्स्ट’नेच मागावी. (विंडोजमध्येही एमडीएलला पुढचा दुवा असतो; एका एमडीएलची लांबी ही सगळ्या साखळीची लांबी नव्हे.)

एका बाबतीत मात्र पुस्तकाला पूर्ण गुण. मॅपिंगनंतर मिळणारी संख्या मूळ संख्येहून कमी असू शकते, कारण आयओएमएमयू नोंदी जोडू शकतो. हार्डवेअरला ही नवी संख्या द्यायची, अनमॅप करताना मूळच. हे तिथे स्पष्ट सांगितले आहे.

प्रकरण वाचून झाले की ‘कॉन्फिग_डीबग_एसजी’ चालू करून ३०० नोंदींची यादी तुमच्या ड्रायव्हरला द्या. दुव्याच्या नोंदीतून पान मागितले, तर कर्नेल तिथेच थांबून सांगेल.