मंडईच्या दारावरचा गहू

पेण तालुक्यातील जोहे गावच्या मूर्तिशाळांतून निघालेल्या गणेशमूर्ती मुंबईच्या मंडपांत पोहोचतात. मूर्तीवर घडवणाऱ्याचे नाव मात्र सहसा नसते. त्या मूर्तिशाळा पाहून मुंबईस परतल्यावर आम्ही क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या महात्मा जोतिबा फुले मंडईच्या, दाराशी थांबलो आणि कमानींवरील कोरीव शिल्पपट प्रथमच लक्षपूर्वक पाहिले.

१८६९ साली पुरी झालेली ही वास्तू विल्यम इमर्सन यांनी आखली. धाटणी नॉर्मन व फ्लेमिश अशी मिश्र आहे. तरीही ती उपरी वाटत नाही, याचे श्रेय आम्ही दगडाला देतो: पिवळसर दगड कुर्ल्याचा, तांबडा वसईचा. (वसईकर वाचकांनी एवढा अभिमान अवश्य बाळगावा.)

शिल्पपट लॉकवुड किप्लिंग यांचे. १८६५ मध्ये ते मुंबईस आले आणि सर जे. जे. कलाशाळेत शिकवू लागले. या पटांत त्यांनी शेतकरी दाखवले, पण शेत गव्हाचे! ज्या बाजारात कोकणचा माल उतरणार, त्याच्या दारावर भाताचे लोंबर नसावे? १८६३ पासून भोर घाटातून आगगाडी धावू लागली होती, तेव्हा घाटावरचा गहू मुंबईस परका नव्हता, हे मान्य. परंतु चिखलात वाकून आवण लावणारी माणसे पाहिलेल्या डोळ्यांना हे शेत दुरून पाहिलेले वाटते. एक गोष्ट मात्र किप्लिंगच्या पदरी घातलीच पाहिजे. बोरीबंदरच्या स्थानकावर रेल्वे कंपनीच्या संचालकांचे मुखवटे बसले. येथे दारावर कष्टकरी आहे.

याच काळात काळा घोड्याजवळ वॉटसनचे हॉटेल उभे राहिले. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात घडवून येथे आणून जोडला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे तेथे दाखवली गेली, एवढ्यावर त्याची कीर्ती टिकून आहे. पुढे एस्प्लनेड मॅन्शन या नावाने त्याच्या लहान लहान खोल्या पाडल्या गेल्या. २००५ मध्ये दर्शनी भागाचा काही अंश कोसळला. दोष केवळ देखभालीचा नव्हे. प्रवाशांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या सांगाड्यावर कचेऱ्यांची आणि बिऱ्हाडांची दाटी लादली गेली.

मंडईचे नशीब वेगळे. १९९६ मध्ये घाऊक व्यापार नवी मुंबईस गेला, तरी उंच छपराखालची मोकळी जागा किरकोळ विक्रेत्यांना पुरून उरली. टोपली ठेवायला जागा, वर उजेड, आत हवा: इमर्सन यांची खरी कारागिरी आम्हांस मनोऱ्यापेक्षा यात दिसते. परीक्षक मात्र मनोऱ्यावरच लिहीत राहतात. आणि शिल्पपटांचा उल्लेख येतो तो एकट्या किप्लिंगच्या नावाने. वसईचा दगड खाणीतून काढणारा पाथरवट जोह्याच्या मूर्तिकारासारखाच निनावी राहतो.