तंटा कुणाचा, भरवसा कुणावर?

पोलीस आणि जनता यांच्यात विश्वास पाहिजे, असं भाषण ऐकलं की मला एकच विचारावंसं वाटतं. जनता म्हणजे कोण? गाव, की गावाबाहेरची आपली वस्ती?

गृहखात्याने 15 ऑगस्ट 2007 रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली. गावोगाव समित्या, मिटवलेल्या तंट्यांना गुण, गुणांवर बक्षीस. बांधाची, भावकीची भांडणं गावातच मिटावीत, कोर्टाचे हेलपाटे वाचावेत, हा हेतू वाईट नव्हता. माझं भांडण 'तंटा' या शब्दाशी आहे. तंटा बरोबरीच्या माणसांत होतो. ज्याच्या रानात आपली माय खुरपायला जाते, त्याने तिला जातीवरून शिवी घातली तर तो तंटा नव्हे, गुन्हा आहे. पण बक्षीस टांगलं की फिर्याद देणारा गावाचा वैरी ठरतो. 'मिटवून घे' म्हणायला कागद लागत नाही.

खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 रोजी एका बौद्ध कुटुंबातली चार माणसं मारली. पुढं त्याच गावाला तंटामुक्तीचं बक्षीस मिळालं. या मोहिमेची याहून मोठी समीक्षा मी काय करणार?

मी मिरजगावात बसून लिहितोय. शेजारच्या जामखेड तालुक्यात, खर्ड्याला, 28 एप्रिल 2014 रोजी आपला सतरा वर्षांचा पोरगा मारला गेला. खटल्यात साक्षीदार फुटले. नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी सुटले. साक्षीदाराला कोर्टात उभं राहायला ज्याचं बळ लागतं, तो विश्वास. तो भाषणानं येत नाही.

येऊच शकत नाही, असंही नाही. 1970 आणि 1984 च्या दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1988 साली मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं पोलिसांसोबत बरोबरीने बसली. 1992-93 ला मुंबई जळाली, भिवंडी शांत राहिली. तिथं दोन्हीकडची माणसं एका सतरंजीवर होती. आपल्याकडं आपण पायरीवर.

म्हणून मित्रांनो, प्रबोधनाची सुरुवात ठाण्यातून होऊ द्या. 2016 पासून लागू झालेल्या सुधारित अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम 4 सांगतं: तोंडी फिर्याद लिहून वाचून दाखवा, सही घ्या, प्रत लगेच द्या. मुद्दाम टाळणाऱ्या बिगर-दलित, बिगर-आदिवासी अधिकाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष कैद. कलम 15क साक्षीदाराला संरक्षण देतं. ही दोन कलमं विहारात मोठ्यानं वाचा. वाचायला हवालदारालाच बोलवा.

आधी फिर्यादीची प्रत हातात, मग भरवसा. जयभीम!