दुधाची बशी आणि होम्सचे अनुमान

विज्ञानाची पद्धत शिकवायची म्हटली की आपण शिक्षक मंडळी हमखास शेरलॉक होम्सला वर्गात आणतो. निरीक्षण, पुरावा, अनुमान, पडताळा हे सारे त्याच्या गोष्टींत आयते मिळते आणि मुले कानात प्राण आणून ऐकतात. आम्हीही हा प्रयोग अनेकदा केला आहे. मात्र श्रावणात, नागपंचमीच्या आठवड्यात, नववीच्या वर्गात ‘द स्पेकल्ड बँड’ ही गोष्ट सांगितली आणि शेवटी एका मुलीने विचारले, “पण सर, तो साप दोन वर्षं नुसत्या दुधावर जगला?” तेव्हा ही गोष्ट पुन्हा, आणि जरा चिकित्सकपणे, वाचणे भाग पडले.

आर्थर कॉनन डॉइल यांची ही कथा ‘स्ट्रँड’ मासिकात फेब्रुवारी 1892 मध्ये आली. कलकत्त्यात डॉक्टरकी करून परतलेला रॉयलॉट इंग्लंडमधल्या स्टोक मोरानच्या पडक्या वाड्यात सावत्र मुलींसह राहतो. त्यातली एक, ज्यूलिया, लग्न ठरल्यावर रात्री गूढ रीतीने मरते. दोन वर्षांनी दुसरीचे, हेलनचे, लग्न ठरते आणि तिलाही रात्री तीच शिट्टी ऐकू येते. होम्स खोल्या तपासतो. कशालाच न जोडलेली घंटेची दोरी, दोन खोल्यांमधला झरोका, डॉक्टरच्या खोलीत लोखंडी तिजोरी आणि तिच्यावर दुधाची छोटी बशी. घरात मांजर नाही. चित्ता आहे, पण त्याला एवढ्याशा दुधाने काय होणार? होम्स मनाशी उत्तर जुळवतो : तिजोरीत साप आहे, दुधाच्या आमिषाने त्याला शिट्टीसरशी परत यायला शिकवले आहे.

रचना म्हणून गोष्ट अव्वल आहे. 1927 साली डॉइलनी आपल्या आवडत्या बारा होम्सकथा निवडल्या, त्यात हिला पहिला क्रमांक दिला. आमचीही त्याला हरकत नाही. दंशानंतर दहा सेकंदांत माणूस मरणे, ‘भारतातला सर्वांत जहाल’ म्हणून कोणत्याही सर्पसूचीत नसलेला साप रंगवणे, हे कथाकाराचे स्वातंत्र्य म्हणून सोडून देऊ. दुधाची बशी मात्र सोडता येत नाही, कारण सारे अनुमान तिच्यावर उभे आहे.

साप दूध पितो का? तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते द्रव पितो. गारुडी याच गोष्टीचा फायदा घेत आले : पंचमीआधी सापाला कोरडे ठेवायचे, दात पाडायचे, कधी तोंड शिवायचे, आणि मग वाटी पुढे करायची. पण दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न आहे. साप कोणाचेही दूध पिऊन वाढत नाही, आणि दुधातली साखर पचवण्याची सोय त्याच्या आतड्यात असण्याचे काही कारण नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या श्वासनलिकेचे तोंड जबड्याच्या तळाशी, पुढेच उघडते. मोठे भक्ष्य गिळतानाही श्वास चालू राहावा म्हणून ही रचना. जबरदस्तीने दूध ओतले की ते थेट फुप्फुसाकडे जाऊ शकते, आणि बहुतेक सापांना कामाचे फुप्फुस एकच असते. पंचमीनंतर जे नाग मरतात, त्यांतले कित्येक असे, न्यूमोनियाने. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे साप पकडून बाळगणे गुन्हा आहे, तरी वाटीतल्या दुधावरची श्रद्धा कायद्याने जात नाही.

आता रॉयलॉटच्या तिजोरीकडे वळू. एप्रिलच्या सुरुवातीचे दिवस, इंग्लंड, दगडी वाडा, लोखंडी पेटी. साप शरीराचे तापमान स्वतः राखत नाही, त्याचे पचन बाहेरच्या उबेवर चालते. जठरातली विकरे थंडीत मंदावतात आणि गिळलेला उंदीर पचण्याऐवजी पोटातच कुजू लागतो. तसे झाले की साप तो ओकून टाकतो. म्हणून थंडीत शहाणा साप खातच नाही. नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे द्राक्षबागा वाचवायला पहाटे शेकोट्या पेटतात, त्या दिवसांत आपल्याकडचे नाग-धामणही बिळात उपाशी पडून असतात, आणि त्यात त्यांचे काही बिघडत नाही.

काही शाळांतून अजूनही पकडलेली धामण काचेच्या पेटीत ठेवण्याची हौस दिसते, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहितो. ‘साप खात नाही’ म्हणून शिक्षक घाबरतात, अंडे फोडून घालतात, बेडूक चिमट्याने कोंबतात. दुसऱ्या दिवशी तो बेडूक अर्धवट विरघळलेला बाहेर येतो. न खाण्याचे कारण बहुधा थंडी, भीती, वारंवार हाताळणी किंवा जवळ आलेली कात हे असते. उपाय खायला घालण्यात नाही. सापाला शांत ठेवून, स्वच्छ पाणी देऊन, वनविभागाला कळवावे.

उपास सापाला जमतो तो कसा, हे तर कोणत्याही होम्सकथेपेक्षा नवलाचे आहे. अजगरांवर अमेरिकेत स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड यांनी 1990 च्या दशकात काम केले. उपाशी अजगराचे जठर जवळजवळ आम्लरहित असते, आतडे आकसलेले असते. भक्ष्य गिळले की जठरात तीव्र आम्ल पाझरू लागते, आतड्याचे वजन एक-दोन दिवसांत सुमारे दुपटीवर जाते, चयापचय कित्येक पटींनी वाढतो. हृदयही सुमारे 40 टक्क्यांनी मोठे होते, असे 2005 मध्ये दाखवले गेले. पचन संपले की सगळे पुन्हा आकसते. हाडे विरघळतात, केस आणि पिसे तशीच बाहेर पडतात. दुकान बंद ठेवून गिऱ्हाईक आले की शटर उघडावे, तसा हा प्रकार. रोज रात्री बशीभर दुधाचे आमिष ही कल्पना अशा प्राण्याला मुळातच लागू पडत नाही. आठवड्याला एक उंदीर ज्याला पुरतो, त्याला दर रात्री बक्षीस कशाचे देणार?

शिट्टीबद्दल मात्र जपून बोलले पाहिजे. ‘साप ठार बहिरा’ असे आम्हीही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले, ते चूक होते. बाहेरचा कान व कानाचा पडदा नसला तरी अंतर्कर्ण असतो. जमिनीतील कंपने आणि हवेतून येणारे खालच्या पट्टीतले आवाज सापाला कळतात, हे अलीकडच्या प्रयोगांतून दिसले आहे. माणसाची शिट्टी बहुधा त्या पट्टीच्या वर जाते, एवढेच म्हणता येईल.

गंमत अशी की याच कथेत होम्स आधी एका शब्दाने फसतो. मरताना ज्यूलियाने उच्चारलेल्या ‘बँड’ या शब्दावरून तो भटक्यांच्या टोळीवर संशय घेतो आणि शेवटी कबूल करतो की अपुऱ्या माहितीवरून तर्क करणे धोक्याचे. बशीबद्दल त्याला ही शंका येत नाही. ऐकीव समजुतीवरून काढलेले अनुमान खरे ठरते, कारण लेखकाचीही समजूत तीच आहे. डॉइल स्वतः डॉक्टर होते. 1910 साली लंडनच्या रंगभूमीवर त्यांनी या कथेचे नाटक आणले, त्यात खराखुरा बोआ साप आणला होता. तो एक तर दोरीसारखा लोंबे, नाही तर शेपटीला चिमटा बसला की मागे वळे. एका समीक्षकाने त्याला उघड उघड नकली म्हटले! पुढे खरोखरच नकली साप वापरावे लागले.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही वर्गाला काम दिले : बशी काढून टाका, साप आहे हे होम्सला कशावरून कळेल ते लिहा. तिजोरीमागे अडकलेली कात, खडूसारखा पांढरा विष्ठेचा डाग, उंदरांचा पिंजरा, थंडीत तिजोरीला ऊब देणारी शेगडी अशी उत्तरे आली. एका मुलाने लिहिले, वाड्यात उंदीर कमी कसे, असे होम्सने मोलकरणीला विचारावे. त्यावर मागच्या बाकावरून आक्षेप आला की साप तर तिजोरीत बंद आहे, तो वाड्यातले उंदीर खाणार कधी. उरलेला तास त्या वादातच संपला.