पडद्यावरचा बालगुन्हेगार : 'बॉइज टाउन' ते 'सलाम बॉम्बे!'

बालगुन्हेगारांवरील चित्रपट आपल्याकडे एकतर डोळे पुसत पाहिले जातात, नाहीतर धास्तावून. सुधारगृहातून सुटलेला मुलगा पुन्हा त्याच वाटेला का लागतो, ह्या प्रश्नाला त्या चित्रपटाने काय उत्तर दिले आहे, हे मात्र फारसे कोणी तपासत नाही. कलाकृतीच्या गुणदोषांबरोबर तिच्या ह्या उत्तराचीही परीक्षा व्हावी, ह्या हेतूने आम्ही येथे तीन चित्रपट घेतले आहेत.

धर्मगुरूंवरील चित्रपटांची आठवण निघाली की 1938 चा 'बॉइज टाउन' हमखास ओठांवर येतो. नॉर्मन टॉरोग यांचे दिग्दर्शन आणि फादर एडवर्ड फ्लॅनॅगन ह्यांच्या भूमिकेत स्पेन्सर ट्रेसी. ह्या भूमिकेने ट्रेसींना ऑस्कर मिळवून दिले. चित्रपटाचा प्रारंभ आजही अंगावर येतो. फाशीच्या दारात उभा असलेला एक कैदी समाजाचे देणे फेडण्याची भाषा ऐकून उसळतो आणि विचारतो, की बारा वर्षांचा असताना उपाशीपोटी दारुड्यांच्या संगतीत मी झोपत होतो, तेव्हा हे सरकार कोठे होते? तेव्हा एक मित्र लाभला असता, तर आज ही वेळ आली नसती. बालगुन्हेगारीवरच्या अनेक जाडजूड अहवालांचे सार ह्या दोन मिनिटांत आले आहे.

दुर्दैवाने पुढे चित्रपट हा धागा सोडून देतो. मिकी रूनीने रंगवलेला व्हाइटी मार्श उर्मट आहे, बढाईखोर आहे, आणि त्याचा भाऊ दरोडेखोर. ह्या मुलाचे परिवर्तन घडते ते पी-वी नावाच्या चिमुरड्याला झालेल्या अपघाताने आणि भावाच्या बँकेवरील दरोड्याने. डोळ्यांत पाणी आले आणि मुलगा सुधारला! खऱ्या फादर फ्लॅनॅगनांचे काम इतके नाट्यमय नव्हते. ओमाहा शहरात ते बेकार, बेघर पुरुषांसाठी निवारा चालवीत. त्या पुरुषांच्या आयुष्याचा माग काढता काढता त्यांच्या ध्यानात आले, की बिघाडाचे मूळ बालपणातच आहे. म्हणून 1917 साली उसने घेतलेल्या 90 डॉलरांच्या आधारावर त्यांनी मुलांसाठी घर उघडले. शाळा, हातची कला, वाद्यवृंद, खेळ, मुलांनीच निवडलेला नगराध्यक्ष, आणि ह्या साऱ्यासाठी लागणारी वर्षे, ही त्यांची पद्धत होती. पडद्यावर ही वर्षे दिसत नाहीत. निवडणूक दिसते, पण ती विनोदापुरती. शिवाय चित्रपट संपतो तेव्हा व्हाइटी नगराध्यक्ष होऊन त्या घरातच असतो. पुन्हा गुन्हा होईल की नाही, हा प्रश्न तर मुलगा फाटकाबाहेर पडतो त्या दिवशी सुरू होतो!

ह्याच फादरांची आणखी एक गोष्ट कोणत्याही स्टुडिओला उचलावीशी वाटली नाही. 1946 साली ते आपल्या मायभूमीस, आयर्लंडला गेले. तेथील मुलांच्या कोंडवाड्यांवर आणि चाबकाच्या शिस्तीवर त्यांनी कॉर्क येथील सव्हॉय चित्रपटगृहातील जाहीर सभेत कडक टीका केली. तेथील न्यायमंत्री जेराल्ड बोलँड ह्यांनी संसदेत ती धुडकावून लावली. दोन वर्षांनी, 1948 मध्ये, फादरांचे बर्लिनमध्ये निधन झाले. आयर्लंडच्या औद्योगिक शाळांपैकी बहुसंख्य शाळा आपल्याच धर्मसंघांच्या हाती होत्या. तेथे धाडलेली बहुतेक मुले गुन्हेगार नव्हती, गरीब होती. त्यांच्यावर काय गुदरले, ते 2009 च्या रायन आयोगाच्या अहवालाने जगापुढे मांडले. घरातली गोष्ट म्हणून ती झाकून ठेवावी, असे आम्हांस वाटत नाही. ट्रेसींच्या फादरवर आपण जितके प्रेम केले, तितके कान खऱ्या फादरांच्या बोलण्याला दिले असते, तर पुढची साठ वर्षे कदाचित निराळी गेली असती.

दुसरा चित्रपट म्हणजे 1978 चा अनुबोधपट 'स्केर्ड स्ट्रेट!'. त्याच्याविषयी थोडक्यात सांगतो. न्यू जर्सीतील राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी वाया चाललेल्या मुलांना बसवून त्यांच्या अंगावर ओरडतात. तुरुंगात तुमचे काय होईल, ते अत्यंत गलिच्छ भाषेत सांगतात. मुले पांढरीफटक पडतात. ह्यालाही ऑस्कर मिळाले. आपल्याकडेही 'एकदा चौकीत बसवून आणा, सरळ येईल' असे म्हणणारे काका-मामा घरोघरी आहेत, म्हणून हा चित्रपट आपल्याला परका वाटत नाही. परंतु रट्गर्स विद्यापीठाचे जेम्स फिंकेनॉअर ह्यांनी तेथे गेलेल्या आणि न गेलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा गेलेल्यांनीच अधिक गुन्हे केल्याचे आढळले. पुढे इतरांनी घेतलेल्या अशाच चाचण्यांचा कलही तोच निघाला. कॅमेऱ्याने मुलांचे भेदरलेले चेहरे टिपले, ते खोटे नव्हते. पण ह्या वयाचा मुलगा गुन्हा करतो तो बहुधा सोबत्यांच्या घोळक्यात. त्या क्षणी त्याला तुरुंग आठवत नाही, बाजूचा मित्र काय म्हणेल ते आठवते. भीतीच्या दुपारी तो मित्र तेथे नव्हता.

मग कोंडून ठेवल्याने तरी काय साधते? शिकागोतील बाल न्यायालयाच्या खटल्यांवरील एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. तेथे खटला कडक न्यायाधीशांपुढे जाणार की सौम्य, हे मुलाच्या हाती नसते. त्यामुळे एकसारख्याच मुलांची तुलना करता आली. कोंडलेली मुले शालेय शिक्षण कमी प्रमाणात पूर्ण करू शकली, आणि मोठेपणी तुरुंगात अधिक प्रमाणात पोहोचली. कोठडी बहुधा महिन्या-दोन महिन्यांचीच असे. तेवढ्यात शाळा तुटली ती तुटलीच.

हे तुटणे मीरा नायर ह्यांच्या 1988 च्या 'सलाम बॉम्बे!' इतके अचूक आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही. सूनी तारापोरवाला ह्यांची पटकथा, शफिक सय्यद ह्या मुलाचा कृष्णा, आणि अवतीभवती रस्त्यावरूनच निवडून कार्यशाळेत तयार केलेली मुले. कान महोत्सवात दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार ह्यास लाभला. कृष्णाला आईकडे परतण्यासाठी 500 रुपये जमवायचे आहेत. मुंबईत तो 'चायपाव' होतो. खरे नावही त्याला येथे परवडत नाही. एका लग्नात काम करून रात्री परतताना तो आणि छोटी मंजू पोलिसांच्या हाती सापडतात. त्यांचा अपराध एवढाच, की त्या वेळी ती दोघे रस्त्यावर होती. कृष्णाची रवानगी मुलांच्या भाषेतल्या 'चिल्लर रूम'मध्ये होते.

तेथून तो पळतो. पडद्यावर हा भाग थोडकाच आहे, आणि तेथील कर्मचारी अगदीच सपाट रंगवले आहेत. हा दोष आम्ही मोठा मानतो, कारण अशा गृहांत तुटपुंज्या साधनांनिशी जीव ओतून काम करणारी माणसेही असतात. परंतु परतल्यानंतरचा प्रसंग पाहा. कृष्णाचा मित्र चिलम (रघुवीर यादव) आधीच मेला आहे. गर्द विकण्याच्या त्याच्या जागी नवा मुलगा आला आहे, आणि त्यालाही 'चिलम' म्हणूनच हाक मारतात. रस्त्याने आपली रिकामी जागा भरून घेतली. मंजू दुरावली, साठवलेले पैसे चिलमने जिवंतपणीच उडवले होते. कोठडीने कृष्णाला दुष्टपणा शिकवला नाही. जी दोन-चार माणसे त्याला धरून होती, त्यांच्यापासून तिने त्याला तोडले. त्यानंतर त्याच्या हाती सुरी येते आणि बाबाचा (नाना पाटेकर) खून होतो.

येथे आमचा एक आक्षेप आहे. कृष्णा फारच निष्पाप आहे. त्याच्यासाठी हळहळणे सोपे जाते. कसोटी लागते ती ज्याने खरोखर दुसऱ्याला इजा केली, त्याच्यापाशी. डिसेंबर 2012 च्या दिल्लीतील घटनेनंतर देश संतापला, तेव्हा आम्हीही शांत नव्हतो. त्या संतापातून 2015 चा बालन्याय कायदा आला आणि सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर अतिगंभीर गुन्ह्यांसाठी प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाट खुली झाली. त्याच कायद्यात, प्रौढ म्हणून खटला न चाललेल्या मुलाला दोषी ठरण्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटू नये, असे 24 वे कलमही आहे. चर्चा मात्र पहिल्या तरतुदीचीच होते. दोषी, उद्धट, क्षमा न मागणारा मुलगा मध्यवर्ती ठेवून त्याच्या सुटकेनंतरची दोन वर्षे दाखवील, असा मराठी चित्रपट आम्हांला पाहावयाचा आहे.

चित्रपटाच्या अखेरीस गणपतीच्या गर्दीत कृष्णा एकटा पडतो. भोवरा हाती घेऊन बसलेल्या त्या मुलावर कॅमेरा बराच वेळ थांबतो. हा शेवट निराशाजनक असल्याची तक्रार केली जाते. आम्हांला तो प्रामाणिक वाटतो. ह्याच चित्रपटाच्या निमित्ताने 1988 साली 'सलाम बालक ट्रस्ट' उभा राहिला, हेही नोंदवले पाहिजे.

'सलाम बॉम्बे!' लहान मुलांना घेऊन पाहण्याजोगा नव्हे. आईवडिलांनी तो आधी पाहावा, आणि मग एखाद्या रविवारी मुलांसह 'बॉइज टाउन' लावावा. ह्या क्रमाने पाहिल्यास फादरांच्या घरातील जेवणाची पंगत, वर्ग आणि ती हसरी निवडणूक ही कथानकाची भरताड वाटत नाहीत.