बिल दिसतं, रद्द झालेला प्रवास दिसत नाही

सरकारी परिषदा आणि कर्मचाऱ्यांचा प्रवास यांच्या खर्चावर नियंत्रण, हा विषय प्रबंधासाठी सोपा वाटतो. आदेश मिळतात, आकडे मिळतात, आधी-नंतरची तुलना केली की प्रकरण तयार! पण या तुलनेतच गफलत आहे. कशी ते बघा.

ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेच्या ‘जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन’ या सरकारी संस्थेने लास व्हेगासजवळ परिषद घेतली. माणसं सुमारे ३००, खर्च ८ लाख २२ हजार डॉलर. त्यातले लाखभर डॉलर नुसत्या तयारीच्या बैठकांना जाण्या-येण्यात गेले. एप्रिल २०१२ मध्ये महानिरीक्षकांचा अहवाल आला, संस्थेच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात सगळ्या केंद्रीय खात्यांना आदेश निघाला: प्रवासखर्च २०१० च्या तुलनेत ३० टक्के कमी करा, मोठ्या परिषदांना वरची मंजुरी घ्या.

खर्च घटला. मग आदेश यशस्वी म्हणायचा? घाई करू नका. २०१३ मध्ये तिथे सरसकट अंदाजपत्रकीय कपातही लागू झाली होती, म्हणजे घट नेमकी कशामुळे हे वेगळं काढावं लागेल. शिवाय तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१५ मध्ये दाखवून दिलं, की संरक्षण आणि ऊर्जा खात्यांतल्या शास्त्रज्ञांचा परिषदांमधला सहभाग घटला आणि मंजुऱ्या वेळेवर मिळत नव्हत्या. उधळपट्टी केली एका संस्थेने, भुर्दंड पडला प्रयोगशाळांना.

आता आपल्याकडे या. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या २९ ऑक्टोबर २०१४ च्या आदेशाने पंचतारांकित हॉटेलांतल्या बैठका-परिषदांवर बंदी घातली, विमानाचा प्रथम वर्गही बंद केला. बंदी योग्यच. पण हा आदेश जागा बघतो, परिषदेची गरज बघत नाही. साध्या सभागृहातली निरुपयोगी परिषद त्यातून आरामात सुटते. जून २०२२ च्या सूचनेप्रमाणे विमानाचं तिकीट शक्यतो २१ दिवस आधी काढायचं. हेही बरोबर, पण मंजुरीच दहा दिवस आधी आली तर? महाग तिकिटाचा दोष प्रवाशावर येतो, फाइल अडवणाऱ्यावर नाही.

आणि सरसकट टक्केवारीची कपात सगळ्यांना सारखी लागत नाही. मुंबईतल्या परिषदेला मुंबईचा संशोधक लोकलने जातो. सोलापूरच्या माणसाला रेल्वेचं तिकीट आणि बहुतेक वेळा मुक्कामही लागतो. कपात कागदावर समान, प्रत्यक्षात लांबच्याला जास्त. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत पीएच.डी.साठी दोन परिषदांत सादरीकरण सक्तीचं होतं. २०२२ च्या नियमांत ती सक्ती गेली. सक्ती गेली, गरज गेली नाही.

माझ्या मते अमेरिकी आदेशातला सगळ्यात चांगला भाग कपातीचा नव्हताच. १ लाख डॉलरवरच्या प्रत्येक परिषदेचा तपशील दरवर्षी संकेतस्थळावर टाका, हा होता. आपल्याकडेही सप्टेंबर २०१२ च्या केंद्रीय सूचनेनुसार मंत्र्यांचे आणि सहसचिव व त्यावरच्या अधिकाऱ्यांचे दौरे खर्चासह जाहीर करायचे असतात. पण त्याखालचे कर्मचारी त्या तक्त्यात येत नाहीत.

म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज करताना ‘किती खर्च झाला’ एवढ्यावर थांबू नका. प्रवासाचे किती अर्ज नाकारले, किती मंजुऱ्या परिषद उरकल्यावर आल्या, हेही विचारा. हे आकडे नसतील, तर तुमच्या प्रबंधात ‘बचत’ हा शब्द जपून वापरा.