ताराबाईंचा निबंध आणि नवा अंमल

ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध 1882 साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यातून निघाला आणि पुढे जवळजवळ विस्मृतीत गेला. 1975 साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा उजेडात आणला. संतापलेल्या स्त्रीचा उद्गार म्हणून त्याची वाखाणणी पुष्कळ होते. आम्हांस ती अपुरी वाटते.

निबंधाचे निमित्त सुरतेच्या विजयालक्ष्मीचा खटला. 1881 साली या ब्राह्मण विधवेस बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे सौम्य करण्यात आली. स्त्रीजातीच्या दुराचरणाची चर्चा वृत्तपत्रांत सुरू होताच बुलढाण्याच्या या मराठा बाईने लेखणी उचलली. आमचे बीड निजामाकडे राहिले. वऱ्हाड मात्र 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेले. बाईंचे वडील तेथील सरकारी कचेरीत हेडक्लार्क. नव्या राज्याने घडविलेला पुरुष त्यांनी जवळून पाहिला होता. तो अंगरखा टाकून पाटलोण-बूट चढवितो, मद्यमांसही सेवितो. आणि धर्म राखावयाचा तो घरातल्या बायकोने! निबंधाचा गाभा येथे आहे. नव्याचा उपभोग पुरुषाकडे गेला, जुन्याची राखण स्त्रीच्या माथी आली.

पुनर्विवाहाची बंदी ब्राह्मणांपुरती राहिलेली नाही, हेही बाईंनी हेरले. येथे कायद्याची साक्ष काढली पाहिजे. 1856 च्या कायद्याने विधवेस विवाहाची मुभा दिली. पण त्याच्याच दुसऱ्या कलमाने, पुनर्विवाह करताच ती जणू मेली असे मानून, पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील तिचा हक्क संपविला. ज्या जातींत पाट पूर्वापार चालत होता, त्यांस या मुभेची गरजच नव्हती. त्यांच्या रूढी जातीजातीत निरनिराळ्या. तरी ‘विठू विरुद्ध गोविंदा’ या खटल्यात मुंबई हायकोर्टाने 1896 साली त्यांनाही तेच कलम लावले. अलाहाबादच्या न्यायाधीशांनी मात्र उलट अर्थ केला होता. म्हणजे सुधारणेच्या नावाने झालेला कायदा कुणब्याच्या विधवेस कोणत्या प्रांतात भोवेल, हे न्यायाधीशावर अवलंबून!

निबंधात दोष आहेत. मुद्दा फिरून फिरून येतो, वाद कोठे शिवीगाळीच्या काठावर जातो. पातिव्रत्याचा आदर्शही बाई सर्वस्वी मोडीत काढीत नाहीत; नवऱ्यालाच त्या मापाने मोजू पाहतात. आमच्या मते त्यांच्या युक्तिवादाची धार त्यातच आहे. जोतिराव फुल्यांनी 1885 साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचा दुसरा ग्रंथ मात्र उपलब्ध नाही.